दिवस मोजण्याची विद्या : मराठी ख्रिस्ती साहित्यातील आयुष्यविचार

१

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार आजवर बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. एक अंग धर्मप्रसाराचे आणि त्यातून उद्भवलेल्या वादांचे. दुसरे भाषासेवेचे, म्हणजे व्याकरणे, कोश, मुद्रण, नियतकालिके आणि भाषांतरे यांचे. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत, यात शंका नाही. परंतु या साहित्याचा गाभा ज्या जाणिवेभोवती घडला, ती जाणीव या दोहोंच्या मधून निसटते. मनुष्याचे आयुष्य अल्प आहे, ते एकदाच मिळते आणि त्याचा हिशेब देवासमोर द्यावयाचा आहे, ही ती जाणीव होय. तिने मराठी साहित्यात कोणते रूपबंध घडविले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या जाणिवेचा मूळ स्रोत बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत आहे. नव्वदावे स्तोत्र हे परंपरेने मोशेची प्रार्थना मानले जाते. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. आरंभी देवाच्या अनादित्वाचे स्मरण येते. हजार वर्षे त्याच्या दृष्टीने रात्रीच्या एका प्रहराएवढी ठरतात. मग सकाळी फुललेल्या आणि संध्याकाळी सुकलेल्या गवताची प्रतिमा येते. आयुष्याची मर्यादा सत्तर वर्षांची, फार तर ऐंशीची, असा आकडाच तेथे दिलेला आहे. यानंतर, आम्हाला आमचे दिवस मोजावयास शिकव म्हणजे आम्ही शहाणे होऊ, ही मागणी येते. स्तोत्र मात्र येथे संपत नाही. आमच्या हातचे काम स्थिर कर, या विनंतीने त्याचा शेवट होतो.

यातील दोन गोष्टी पुढील विवेचनाच्या दृष्टीने अगत्याच्या आहेत. दिवस मोजणे ही येथे विद्या आहे. ती मनुष्याला उपजत येत नाही, शिकविणारा लागतो. मरण डोळ्यांसमोर असणे आणि शहाणपण येणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असा याचा अर्थ होतो. दुसरी गोष्ट ही की, अल्पत्वाच्या जाणिवेचा ओघ येथे कर्माचा त्याग करण्याकडे न वळता हातातले काम टिकावे या इच्छेकडे वळतो. मराठी ख्रिस्ती लेखनाचा इतिहास पाहिला तर त्याने या स्तोत्राचा पूर्वार्ध लवकर आत्मसात केला. उत्तरार्धापर्यंत पोहोचण्यास त्याला तीनशे वर्षे लागली.

२

पूर्वार्ध लवकर आत्मसात होण्याचे कारण उघड आहे. आयुष्याच्या नश्वरतेची भाषा मराठीत आधीपासून सिद्ध होती. रामदासांच्या दासबोधात तिसऱ्या दशकातील नववा समास मृत्युनिरूपणाचा आहे. तेथे राजा आणि रंक, पंडित आणि मूढ यांना मृत्यू सारखेच लेखतो, या सूत्राची आवर्तने ऐकू येतात. तुकारामांच्या अभंगांत तर आपल्याच मरणाकडे साक्षीभावाने पाहण्याचा विलक्षण अनुभव आहे. शिवाय मराठीतील ‘काळ’ हा शब्द वेळेचाही वाचक आहे आणि मृत्यूचाही. वेळ जाणे म्हणजेच मृत्यूने घास घेणे, हे समीकरण भाषेच्या पोटातच दडलेले आहे.

यावरून संतसाहित्य वैराग्याचे आणि ख्रिस्ती साहित्य कर्माचे, अशी सोपी विभागणी करणे मात्र चुकीचे ठरेल. ज्या दासबोधात मृत्युनिरूपण आहे, त्याच दासबोधाच्या पहिल्या दशकाचा अखेरचा समास नरदेहाच्या स्तवनाचा आहे. देह नाशिवंत म्हणून त्याज्य न ठरता, दुर्लभ म्हणून सार्थकी लावावयाचा ठरतो. भेद आहे तो निराळ्या ठिकाणी. संतवचनाचा रोख बहुधा मनाकडे किंवा जनांकडे असतो. बोलणारा पैलतीरावर पोहोचलेला असतो आणि ऐलतीरावरच्यांना सावध करीत असतो. स्तोत्रातील वक्ता ऐलतीरावरच उभा आहे. मोजणे त्याला स्वतःलाच येत नाही आणि ते शिकविण्याची विनंती तो देवाला करतो. उपदेशाऐवजी याचना, हा वक्तृस्थानातील बदल लहान दिसला तरी त्याचे वाङ्मयीन परिणाम दूरवर गेले.

मराठीतील पहिले मोठे ख्रिस्ती काव्य म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये सासष्टीतच वारला. १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचावयास काही नव्हते. ही उणीव ग्रंथाच्या चौकटीतच एका ब्राह्मणाच्या तोंडून मांडलेली आहे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरण्यास स्टीफन्स कचरला नाही. ओवी, पुराणिकाचा स्वर, श्रोत्यांशी संवाद, सगळे जुनेच आहे. नवी आहे ती कालरचना. परंपरागत पुराणात युगे फिरून येतात. ख्रिस्तपुराणात मात्र सृष्टीच्या आरंभापासून अंतिम न्यायापर्यंत काळ एकाच दिशेने जातो. आदामाच्या पापामुळे मृत्यू जगात शिरतो आणि ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाने त्याचा पराभव होतो. फिरत्या काळाच्या छंदात सरळ काळाची कथा सांगण्याचा हा मराठीतील पहिला मोठा प्रयत्न होय.

तरीही दिवस मोजणारा माणूस ख्रिस्तपुराणात दिसत नाही. तेथे काळ मानवजातीचा आहे, एका व्यक्तीचा नव्हे. पुराण हा प्रकारच तसा आहे. त्यात श्रोता असतो, पण त्या श्रोत्याचे चरित्र नसते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील देशभाषेच्या वापरावर बंधन घातल्यानंतर ही परंपरा खुंटली. हस्तलिखितांच्या आधाराने ख्रिस्तपुराण टिकले. १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याचे पुनर्मुद्रण झाले आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून त्याची देवनागरी आवृत्ती काढली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकांपर्यंत स्टीफन्सचा वारसा जवळजवळ पोहोचलाच नाही. त्यांना आरंभ नव्याने करावा लागला.

३

हा नवा आरंभ भाषांतरांपासून झाला. १८०५ मध्ये सेरामपूर येथे मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापले गेले. मुंबई आणि अहमदनगर येथे अमेरिकन मिशनने छापखाने व शाळा चालविल्या आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. भाषांतरात शब्दांची निवड म्हणजे तत्त्वज्ञानाची निवड असते, याचे एक बोलके उदाहरण ‘उपदेशक’ या पुस्तकात आढळते. त्या पुस्तकाचा पालुपदासारखा येणारा हिब्रू शब्द मुळात वाफ किंवा श्वास या अर्थाचा आहे. दिसते न दिसते तोच विरणारी वाफ, ही ती प्रतिमा. मराठी भाषांतरात तिच्या जागी ‘व्यर्थ’ हा शब्द रूढ झाला. वाफ अल्पजीवी असते, निरुपयोगी असतेच असे नाही. ‘व्यर्थ’ म्हटल्यावर मात्र अल्पत्वाचे रूपांतर निष्फळतेत होते. वाचकाच्या मनात आधीच असलेल्या असारतेच्या कल्पनेला हा शब्द सहज जाऊन मिळाला आणि मूळ पुस्तकातील खाण्यापिण्याचा व श्रमाचा आनंद देवाचे देणे म्हणून घ्यावा, ही बाजू झाकली गेली.

याच काळातील पत्रिकावाङ्मयाने मृत्यूचा उपयोग धाक म्हणून केला. उद्याचा भरवसा नाही, तेव्हा आजच पश्चात्ताप करा, हा त्या छोट्या पुस्तिकांचा ठरीव साचा होता. लूकच्या शुभवर्तमानात कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला आहे. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. मूळ दाखल्यात बोट ठेवलेले आहे ते साठविण्याच्या मूर्खपणावर. पत्रिकांमध्ये मात्र सारा भर ‘त्याच रात्री’ यावर पडला. भय हे शहाणपणाचे प्रवेशद्वार असू शकेल, पण हे वाङ्मय दारातच थांबले. त्यातील माणसे मरणापुरतीच जगतात. आदल्या दिवशी ती काय करीत होती, हे लेखकाला सांगावेसे वाटत नाही.

आदला दिवस मराठी ख्रिस्ती लेखनात आला तो प्रवासाच्या रूपाने. जॉन बन्यन याच्या १६७८ मधील रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले ‘यात्रिक क्रमण’ हे भाषांतर १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. वारीची ओळख असलेल्या वाचकाला यात्रेचे रूपक परके वाटण्याचे कारण नव्हते. परंतु वारी दरवर्षी होते आणि वारकरी घरी परततो. बन्यनचा यात्रिक एकदाच निघतो आणि परतत नाही. वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाला म्हणूनच वजन येते.

या एकमार्गी प्रवासाला मराठी भूमी आणि मराठी माणसे लाभली ती बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मध्ये. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख नेहमी होतो आणि विधवांच्या स्थितीचे चित्रण म्हणून तिचे महत्त्व सांगितले जाते. तिच्यातील कालविचाराकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. यमुना आणि विनायक प्रवास करतात, गावोगावच्या विधवांच्या कहाण्या ऐकतात आणि अखेर विनायकाच्या अकाली मृत्यूने यमुना स्वतः त्या कहाण्यांपैकी एक होते. परंतु कादंबरी तेथे थांबत नाही; यमुनेला पुढचे आयुष्य मिळते. रूढीच्या हिशेबात पतीच्या मृत्यूबरोबर स्त्रीचे दिवस संपतात, उरतो तो केवळ काळ. पदमनजींनी तिचे उरलेले दिवस तिच्या नावावर परत मांडले. रचनेच्या दृष्टीने कादंबरी सैल आहे आणि प्रचाराचा हेतू ठिकठिकाणी उघडा पडतो. तरीही मरणानंतर आयुष्य कोणाचे उरते, हा प्रश्न मराठी गद्यात तिने प्रथम विचारला. पदमनजींनी पुढे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले, ते मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक आहे, हाही योगायोग मानता येणार नाही. ज्याला आपले दिवस मोजावयाचे आहेत, त्याला ते सांगण्याची गरज भासते.

४

यमुनेच्या कथेतील प्रश्न पंडिता रमाबाईंच्या बाबतीत प्रत्यक्ष आयुष्याचा झाला. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरणारे होते. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि बहीण यांचा अंत झाला. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. चोविसाव्या वर्षापूर्वीच त्यांच्या वाट्याला एवढी मरणे आली होती. नश्वरतेचा उपदेश ऐकण्याची त्यांना आवश्यकता नव्हती; बालपणापासून त्या तो स्वतःच सांगत आल्या होत्या. दुष्काळाच्या त्यांच्या आठवणींत ठसते ती हीच गोष्ट. व्रते, दाने आणि तीर्थयात्रा यांत सारे द्रव्य संपले, आणि श्रमाची सवय नसलेले ते विद्वान कुटुंब भुकेसमोर असहाय ठरले. मरण पुरेपूर दिसले, पण त्याने दिवस कसे जगावेत हे शिकविले नाही.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. बालविधवांना लिहावयास, वाचावयास आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावयास शिकविणे, हे त्याचे काम. त्यामागचा आयुष्यविचार स्पष्ट आहे : समाजाने ज्यांचे आयुष्य संपले असे मानले, त्यांच्या हातात अजून दिवस आहेत आणि ते वाया घालविणे हा देवासमोर अपराध आहे. धर्मांतराच्या शंकेवरून १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि अनेक मुलींना पालकांनी परत नेले. त्या वादात दोन्ही बाजूंच्या भूमिकांची चिकित्सा झालेली आहे. तिची पुनरुक्ती येथे नको. या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते सदनातून बाहेर पडलेले एक आयुष्य.

गोदूबाई ही शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. तिने ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याला, म्हणजे कोथरूडलगतच्या तेव्हाच्या ओसाड माळावर, गेला. तेथून फर्ग्युसन महाविद्यालयापर्यंत रोजची पायपीट करीत कर्वे शिकवीत राहिले. कर्वे ख्रिस्ती नव्हते, त्यांचा बुद्धिवाद प्रसिद्धच आहे. परंतु रमाबाईंनी ज्या हिशेबाला आरंभ केला, तो धर्माची सीमा ओलांडून कोथरूडच्या शिवेवर चालू राहिला, हे नाकारता येत नाही. कर्वे आणि रमाबाई यांचे जन्म एप्रिल १८५८ मध्ये अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने झाले. कर्वे १९६२ पर्यंत, एकशे चार वर्षे, जगले. रमाबाईंना चौसष्ट वर्षेही पुरी लाभली नाहीत. दिवसांची संख्या आणि दिवसांचे मोल यांतला भेद याहून ठळकपणे मांडणे कठीण आहे.

याच कोथरूडात मृत्युंजयेश्वराचे पेशवेकालीन देऊळ आहे. मृत्यूला जिंकणाऱ्या देवाची आराधना ही मनुष्याची पुरातन आकांक्षा त्या नावात आहे. ख्रिस्ती श्रद्धेतही मृत्यूवरील जय आहे, परंतु तो ख्रिस्ताने मिळविलेला आहे. भक्ताच्या वाट्याला त्या जयाच्या आधीचे मोजके दिवस येतात. जय मागण्याची पाळी त्याच्यावर येत नाही, मोजणी मात्र चुकत नाही.

रमाबाईंची अखेरची वर्षे या मोजणीची होती. केडगावच्या मुक्ति सदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचा संसार चालवीत असतानाच त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सामान्य बायांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे सदनातील मुलीच करीत. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा चाळिसाव्या वर्षी गेली. संस्थेचा भार जिच्यावर सोपवावयाचा तीच आधी गेल्यावरही भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तोवर त्या मुद्रितांच्या दुरुस्तीत गुंतलेल्या होत्या. ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ मध्ये. पुराणिकाच्या मुलीने आयुष्याच्या शेवटी पुन्हा एक पोथीच हातात धरली होती. फरक इतकाच, की ही पोथी पुण्यसंचयासाठी वाचून दाखवावयाची नव्हती. ती इतरांच्या हाती देऊन जावयाची होती.

५

रमाबाईंच्या ठिकाणी हा विचार कृतीत उतरला. त्याला काव्याची आणि आत्मकथनाची भाषा दिली ती टिळक दांपत्याने. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. त्यांच्या अभंगांचे बाह्यरूप संतांचे आहे, पण वक्तृस्थान स्तोत्रकाराचे. पोहोचलेल्याची खूण तेथे क्वचित. आपण अजून उणे आहोत, शिकत आहोत, हा भाव मात्र ठायी ठायी.

‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची शालेय पुस्तकांतून पिढ्यांच्या ओळखीची झालेली कविता या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. घायाळ पक्षीण शेवटचा श्वास गोळा करून घरट्यापर्यंत पोहोचते, पिल्लांना चोचीतला चारा देते आणि प्राण सोडते. कवितेचा रूढ अर्थ भूतदयेचा आहे आणि तो खराच आहे. परंतु तिचे खरे नाट्य उरलेल्या घटकांच्या उपयोगात आहे. पक्षिणीला मरण टाळता येत नाही. जखम आणि मरण यांच्यामधल्या अवकाशात काय करावयाचे एवढेच तिच्या हाती आहे. कवितेत ख्रिस्ताचे नाव नाही. तरीही नव्वदाव्या स्तोत्राच्या शेवटच्या मागणीशी तिचे नाते जवळचे आहे.

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, १९१७ मध्ये, टिळक मिशनच्या सेवेतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. संन्यासाचा मार्ग त्यांनी स्वीकारला, पण तो जगातून निघून जाण्यासाठी नव्हे. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्यासाठी. वेळ थोडा आहे म्हणून हात आवरता न घेता नवे काम आरंभणे, ही त्यांची रीत. मे १९१८ मध्ये त्यांच्या घरी राहिलेला, पुत्रवत असलेला बालकवी ठोमरे अठ्ठाविसाव्या वर्षी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेला. सुमारे एका वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांपलीकडे गेले नव्हते.

ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. औपचारिक शिक्षण नसलेल्या, लेखन उशिरा हाती आलेल्या या बाईने पतीच्या थोड्या अध्यायांना बहुतांश उरलेले अध्याय जोडले. १९३६ मध्ये त्या गेल्या, आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला तो पुत्र देवदत्त टिळक यांच्या हातून. ‘ख्रिस्तायना’चे काव्यगुण समान नाहीत, हे समीक्षकांनी म्हटलेले आहे आणि ते मान्य करावे लागते. पण एका आयुष्यात न मावलेले काम दुसऱ्याने उचलावे आणि तेही त्याच्या आयुष्यात न मावावे, ही घटनाच अर्थपूर्ण आहे.

लक्ष्मीबाईंचे खरे वाङ्मयीन कर्तृत्व ‘स्मृतिचित्रे’त आहे. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात मरणे पुष्कळ आहेत, पण मृत्युनिरूपण नाही. सोवळेओवळे, उपासमार, नवऱ्याचे धर्मांतर, ताटातूट, पुन्हा एकत्र येणे, बेत आणि फजिती, सारे दिवसादिवसाने येते. निष्कर्ष काढण्याची घाई कोठेही नाही. नश्वरतेचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याला दिवस सारखेच दिसतात, कारण सगळेच जाणारे असतात. लक्ष्मीबाईंना एक दिवस दुसऱ्यासारखा दिसत नाही. त्यांच्या विनोदाचे मूळही येथे आहे. आपल्या फजितीकडे त्या ज्या मोकळेपणाने पाहतात, तो मोकळेपणा हिशेब स्वतःच्या हाती नसल्याच्या विश्वासातून येतो. स्वतःला निर्दोष ठरविण्याची जबाबदारी त्यांनी देवावर सोपविली आहे; म्हणून त्या खरे सांगू शकतात. मराठी ख्रिस्ती आयुष्यविचाराला आपला योग्य रूपबंध या पुस्तकात सापडला. पुराण, पत्रिका, रूपक, प्रचारकादंबरी आणि अभंग या वळणांनी येत तो अखेर साध्या गद्य आठवणीत स्थिरावला.

६

या इतिहासातून निघणारे सूत्र असे मांडता येईल. आयुष्य थोडे आहे, ही जाणीव मराठी मनाला ख्रिस्ती साहित्याने दिली नाही. ती आधीच होती, आणि तिची भाषा अधिक समृद्ध होती. ख्रिस्ती लेखकांनी जेव्हा केवळ त्या जाणिवेची पुनरुक्ती केली, तेव्हा त्यांचे लेखन संतांच्या तुलनेत फिके पडले, आणि तिचा धाक केला तेव्हा ते साहित्यच राहिले नाही. त्यांचे वेगळेपण दिसले ते त्यांनी ‘काळ’ या शब्दाच्या जागी ‘दिवस’ हा शब्द मनात धरला तेव्हा. काळ ग्रासतो, दिवस मोजता येतात, देता येतात, दुसऱ्याच्या हाती सोपविता येतात.

म्हणूनच या परंपरेतील महत्त्वाच्या कृतींच्या अपुरेपणाला केवळ चरित्रात्मक योगायोग मानून चालणार नाही. रमाबाईंनी स्वतः न पाहिलेला छापील ग्रंथ आणि टिळकांनी सोडलेले, लक्ष्मीबाईंनी वाढविलेले महाकाव्य या एकाच आयुष्यविचाराच्या खुणा आहेत. कृती पूर्ण करून जाणे हा येथे शहाणपणाचा निकष नाही. ती दुसऱ्याला उचलता येईल अशा अवस्थेत ठेवून जाणे, हा आहे. मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती साहित्याला स्वतंत्र प्रकरण देऊन बाजूस ठेवण्याची रीत आहे. मराठी आत्मकथनाच्या आणि स्त्रियांच्या गद्याच्या घडणीत दिवसांच्या या मोजणीचा वाटा किती, हा प्रश्न त्या प्रकरणाबाहेर काढून मुख्य प्रवाहात विचारला गेला, तरच या लेखकांच्या हातच्या कामाचे खरे मोल ठरेल.